कुंपणाबाहेरची करवंदे

प्रथम तारखा. त्या मी कॅलेंडरच्या देत नाही, कारण ज्यांना त्या समजल्या पाहिजेत, ते सण आणि यात्रा यांवरून दिवस मोजतात.

होळीनंतरचा पहिला रविवार: कैनाडची आमची बाग पाहुण्यांना स्वतःच्या हाताने फळे तोडण्यासाठी खुली झाली. जबाबदार: माझी सून प्राजक्ता.

महालक्ष्मीच्या यात्रेतला शनिवार: कुंपणावरच्या करवंदांबद्दल पहिली तक्रार आली. जबाबदार: मुंबईहून आलेले, पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ. नाव ठाऊक नाही. ठाऊक असते तर त्यांना पत्र गेले असते.

अक्षय्य तृतीया: बागेच्या फाटकाशेजारी कुंपणावर अकरा नियमांचा फलक लागला. जबाबदार: तलासरीचा पेंटर, ज्याने सातवा नियम न सांगता लाल रंगात रंगवला.

त्यापुढचा सोमवार: लाडकीबाईंच्या हातात एक कागद देण्यात आला. जबाबदार: प्रतिवादी क्रमांक पाच. त्यांचे नाव ओघात येईल.

मधला चौथा क्रमांक माझी पत्नी मालती हिचा. तिच्यावर आरोप असा, की तिला सर्व दिसत असूनही ती गप्प राहिली. तिचे म्हणणे असे, की ती गप्प नव्हतीच. ती बोलत असताना मी लिहीत होतो.

ही हकिकत तीन उन्हाळ्यांपूर्वीची आहे. आज ती काढण्याचे कारण एवढेच, की काल सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसलो असता कुंपणावर यंदाचे पहिले काळे करवंद दिसले. हिरव्या, लालसर, अर्धवट रंगलेल्या घोसात एकच काळे. ते रस्त्याच्या बाजूला होते. मी आत होतो. हात पुढे केला असता तर पोहोचला असता. मी तो केला नाही, आणि का केला नाही हे सांगण्यासाठीच हा सर्व मजकूर आहे.

आमची बाग मोठी नाही. चिकूच्या काही ओळी, त्यांच्या पलीकडे जामाची झाडे, विहिरीकडे तुतीची रांग, मध्ये भेंडी, गवार आणि वांग्यांचे वाफे, आणि कोपऱ्यात दोन जांभळी, ज्यांना आमच्या घरात वडिलांच्या काळापासून थोरली आणि धाकटी म्हणतात. धाकटी आता थोरलीपेक्षा उंच आहे, पण नाव बदललेले नाही. या सर्वांभोवती करवंदीचे कुंपण. ते कोणी लावले हे ठाऊक नाही. आमच्या घरातल्या जुन्या कागदांत जमिनीच्या चतुःसीमा आहेत, विहीर आहे, जांभळीसुद्धा आहेत. करवंदीचा उल्लेख कुठेही नाही. कागदांत नसलेल्या गोष्टींकडे मी आयुष्यभर संशयाने पाहत आलो. न्यायालयाच्या दफ्तरात नोकरी केलेल्या माणसाचा तो स्वभावच होऊन जातो.

या कुंपणाचा एक नियम होता. दोन्ही पाय रस्त्यावर ठेवून जेवढ्या करवंदांपर्यंत हात पोहोचेल, तेवढी वाटसरूची. टोपली आणायची नाही, पिशवी आणायची नाही. लुगड्याच्या ओटीत किंवा धोतराच्या सोग्यात मावेल तेवढेच घ्यायचे. आतल्या बाजूची फळे घरची. मधोमध काट्यांत अडकलेली, जी कोणाच्याच हाताला लागत नाहीत, ती बुलबुलांची. हा नियम कोणी लिहिला नव्हता. लिहिला असता तर त्यात पहिल्याच उन्हाळ्यात कोणीतरी पळवाट शोधली असती.

बागेमागच्या पाड्यावरची लाडकी आणि मी या नियमाच्या दोन बाजूंना वाढलो. आम्ही एकाच वयाचे. ती आईबरोबर लाकडे घेऊन रस्त्याने जायची आणि भारा उतरवून कुंपणाशी थांबायची. मी आतून. मध्ये काटे, पाने आणि करवंदीचा तो पांढरा चीक, जो बोटांवर वाळला की दुपारभर निघत नाही. पिकलेले करवंद हातात घ्यायचे आणि फोडण्याआधी सांगायचे, कोंबडा की कोंबडी. आत लाल निघाले तर कोंबडा, फिके निघाले तर कोंबडी. हा खेळ महाराष्ट्रातले प्रत्येक मूल खेळले असेल, पण आमच्या खेळात मध्ये कुंपण होते, त्यामुळे दुसऱ्याने फळ खरोखर कसे निघाले हे सांगितले तर त्यावर विश्वास ठेवावा लागे. लाडकीच्या बाजूला नेहमी कोंबडेच निघत.

"परत कोंबडा?" मी विचारायचो.

"परत."

"दाखव."

"खाल्ला."

पुराव्याविना दिलेली साक्ष मी त्या वयात मुकाट्याने स्वीकारली. पुढे तशी कोणाचीच स्वीकारली नाही. ती मला भाऊ म्हणते. तिच्या बोलीत लहानमोठ्या सर्वांना एकच "तू", आणि त्या "तू"त मला कधी कमीपणा वाटला नाही. उलट निवृत्तीनंतर मला एकेरी हाक मारणारी माणसे उरली दोनच, एक ती आणि एक माझी थोरली बहीण.

तीन उन्हाळ्यांपूर्वी प्राजक्ताने बागेची कल्पना काढली. तिचे म्हणणे, शहरातल्या मुलांना फळ झाडाला लागते हेच ठाऊक नसते; त्यांना बोलवावे, त्यांनी स्वतः तोडावे, खावे, उरलेले वजन करून न्यावे. मी विरोध केला. दायित्वाचा प्रश्न उपस्थित केला. कोणी जांभळीवरून पडले तर काय, असे विचारले.

"पप्पा, जांभळीवर कोणी चढणार नाही. मुंबईच्या लोकांना जिना चढायला होत नाही," ती म्हणाली.

आणि रविवारी खरोखर गाड्या आल्या. माणसे उतरली, मोबाइल वर करून झाडांचे फोटो काढू लागली, आणि मग त्यांना काय करावे हे कळेना. एका बाईंनी चिकू तोडला, रुमालाला पुसला आणि चावला. तोंडात सगळा चीक. ओठ एकमेकांना चिकटले. त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मीच त्यांचा काही गुन्हा केला आहे. तोडलेला चिकू चार दिवस ठेवावा लागतो, हे त्यांना सांगणारे कोणीच नव्हते. एक तरुण जोडपे भेंडीच्या वाफ्यातून हात खाजवत बाहेर आले. जाम ओढून तोडल्यामुळे निम्मे जमिनीवर आपटून फुटले. माझ्याजवळ त्या वेळी एकच उपाय होता, आणि तो म्हणजे सूचना लिहिणे. मालतीजवळ दुसरा होता. तिने पाड्यावर निरोप धाडला.

लाडकी आली. केस पांढरे, नेसणे गुडघ्यापर्यंत कसलेले, हातात काहीही नाही. रोजावर नव्हे, असे तिने आधीच स्पष्ट केले. "सांगायला येईन. तोडायची नाय." ती तुतीच्या रांगेत गेली आणि पाहुण्यांच्या घोळक्यात उभी राहिली. तिची मराठी त्यांना अर्धी समजत होती, त्यांची तिला अर्धी. तरी पंधरा मिनिटांत बाग शांत झाली.

"तुतीला ओढायचा नाय. हात लावायचा. पिकली असेल तर तीच पडंल."

मोठमोठी माणसे फांदीखाली ओंजळ धरून उभी राहिली. एकेक काळी तुती बोटाच्या स्पर्शाने सुटून हातात पडू लागली. ज्या बाईंच्या ओठांना चीक लागला होता, त्यांची बोटे जांभळी झाली आणि त्या ती बोटे उन्हात धरून बघत बसल्या. जाम कसा पिरगळायचा, चिकूच्या सालीला नखाने बारीक ओरखडा काढून आतला रंग कसा बघायचा, झेल्यात, म्हणजे काठीच्या टोकाच्या जाळीत, फळ धरल्यावर काठी ओढायची नाही तर उचलायची, हे सर्व लाडकीने शिकवले. नंतर ती सर्वांना घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर गेली.

"आथा हितं उभे रहा. दोनी पाय रस्त्यावर."

"का हो आजी?" कोणीतरी विचारले.

"आतला भाऊचा. हितला आपला."

त्या दुपारी रस्त्यावर उभे राहून पंधरावीस अनोळखी माणसे एकमेकांना कोंबडा की कोंबडी विचारत होती. एक निवृत्त बँक अधिकारी तीन वेळा हरले आणि चौथ्या वेळी म्हणाले, "बहुधा आजींच्या झाडावर कोंबडेच लागतात." लाडकी माझ्याकडे बघून हसली. वर्षानुवर्षे जी साक्ष मी तपासली नव्हती, ती त्या दिवशी मला तपासता आली असती. मी तपासली नाही. ऊन उतरले होते, करवंदीचा तो थोडासा तुरट, थोडासा दुधाळ वास हवेत होता, चिकूच्या ओळींतून समुद्राकडचा वारा येत होता आणि बागेत माणसांचा आवाज होता. माझ्या उतारवयातली ती सर्वांत सुंदर दुपार असावी. मला ते तेव्हा कळले नाही. मी नोंदवहीत "जाम: नुकसान" असे लिहीत होतो.

असे चार-पाच रविवार गेले. मग यात्रेतला शनिवार आला. महालक्ष्मीला जाणाऱ्यांची रस्त्यावर गर्दी, आणि वाटेत थांबून कुंपणाला हात लावणाऱ्या बाया. पांढऱ्या टोपीचे गृहस्थ बागेतून माझ्याकडे आले.

"काका, आम्ही तिकीट काढून आत तोडतो आणि बाहेर लोक फुकट घेऊन चाललेत. हे कुठल्या नियमात बसतं?"

प्रश्न नियमाचा होता. मला दुसरा कोणताही प्रश्न विचारला असता तर मी त्यांना हाकलले असते. पण नियम विचारला, आणि माझ्याजवळ दाखवण्यासारखा कागद नव्हता. मला लाज वाटली. हे मी आज प्रथमच लिहितो आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना कागद दाखवा म्हणणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या कुंपणाला कागद नव्हता.

त्या रात्री जेवताना मालती म्हणाली, "काहीतरी लिहायचं डोक्यात आहे तुमच्या. मला दिसतंय."

"नियमावली करतो आहे."

"करा. पण कुंपण त्यात घेऊ नका."

मी घेतले. सातवा नियम: कुंपणावरील फळे ही बागेची मालमत्ता असून परवानगीशिवाय त्यांस हात लावू नये. मराठी, गुजराती आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत. तलासरीच्या पेंटरने तो लाल रंगात काढला, आणि फलक लागला तेव्हा त्याने मला विचारले, "बाकीच्यांपेक्षा हा जास्त महत्त्वाचा वाटला साहेब, बरोबर ना?" मी बरोबर म्हटले.

लाडकी मात्र माझ्या मनात होती. तिला या नियमाची झळ लागू नये, असे मला मनापासून वाटत होते. म्हणून मी स्वतः टंकलेखन केले: श्रीमती लाडकी यांना या बागेच्या कुंपणावरील करवंदे तोडण्यास आजीवन व विनामूल्य परवानगी देण्यात येत आहे. खाली सही, बागेचा गोल शिक्का. कागदाला प्लास्टिक चढवून घेतले, पावसात भिजू नये म्हणून. एवढ्या प्रेमाने मी आयुष्यात दुसरा कागद केलेला नाही. सोमवारी ती आली तेव्हा उठून उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी तो तिला दिला.

तिने तो उलटा केला, सुलटा केला. तिला वाचता येत नाही. तिने मला विचारले, "काय लिवला?"

मी वाचून दाखवला. "परवानगी" या शब्दापाशी तिने मान वर केली.

"भाऊ, मना नको."

"अगं, ही तुझ्यासाठीच आहे. इतरांना नाही दिलेली."

"तेच तर. तूच सांगलास ना तवा. परवानगी घेतली का हक गेला."

आणि तिने कागद माझ्या खुर्चीवर ठेवला, नीट, शिक्क्याची बाजू वर, आणि ती निघून गेली. रागावली नव्हती. फाटकातून बाहेर पडल्यावर तिने कुंपणाकडे पाहिलेही नाही.

तेव्हा म्हणजे कधी, हे सांगितले पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी पाड्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर एका बाहेरच्या माणसाने जमीन घेतली आणि तारेचे कुंपण घालून वाट अडवली. गवगवा झाल्यावर तो नरम पडला. प्रत्येक घराला, तुम्हाला माझ्या जमिनीतून जाण्याची परवानगी आहे, असे पत्र देऊ लागला. पाड्यावरच्यांना बरे वाटले. लाडकीने ते पत्र घेण्याआधी मला विचारले. मी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो आणि त्यांना वहिवाट म्हणजे काय, ते समजावले. वापर अंगवळणी पडलेला असतो, कोणाला न विचारता, कोणापासून न लपवता, वर्षानुवर्षे. तीच वहिवाट, आणि तोच हक्क. पण ज्या दिवशी तुम्ही समोरच्याची परवानगी घेता, त्या दिवशी तुम्ही कबूल करता की हे मुळात त्याचे होते. "म्हणून कोणी परवानगी देऊ केली तर घेऊ नका. कितीही गोड बोलून दिली तरी," असे मी बोललो. कोणी पत्र घेतले नाही. मी अर्ज लिहिले, चकरा मारल्या, आणि वाट मोकळी झाली. त्या निकालाचा मला फार अभिमान होता. मी अंगणात बोललेले माझे शब्द विसरलो नव्हतो. फक्त ते आपल्यालाही लागू होतात, हे विसरलो होतो.

मला हे त्या सोमवारी समजले असे कोणी समजू नये. त्या सोमवारी मी चिडलो. संध्याकाळी मालतीला म्हणालो, "हिला समजत नाही कोण आपले आणि कोण परके."

"तिला समजतं. म्हणून तर कागद ठेवून गेली," मालती म्हणाली. "परक्याचा असता तर फाडला असता."

त्यानंतर ती कुंपणाशी थांबली नाही. पाहुण्यांना शिकवायलाही आली नाही. पुढच्या रविवारी प्राजक्ताने लाडकीने दाखवल्याप्रमाणे सगळे सांगून पाहिले, पण ती स्वतः जाम पिरगळताना फांदीच मोडून बसली. रस्त्यावर कोणी कोंबडा की कोंबडी विचारले नाही. तिथे फलक होता. पाड्यावरच्या बायांनी फलक वाचला नव्हता, लाडकीने वाट बदलल्याचे मात्र पाहिले होते. एकेक करून सगळ्यांची वाट बदलली. त्या उन्हाळ्यात आमच्या कुंपणाच्या रस्त्याकडील बाजूला करवंदे पिकली, सुकली, सुरकुतली आणि मृगाच्या आधी खाली गळून मुंग्यांनी भरली. मी रोज सकाळी ती झाडून काढत असे. आतल्या बाजूची आम्ही तोडली. त्यांचे लोणचे घातले. बरणी अजून भरलेली आहे. ते लोणचे ना मी पुढे घेतले, ना मालतीने वाढले.

गेल्या उन्हाळ्यातली एक दुपार आठवते. मालती बाजारातून आली, पिशवीतून पळसाच्या पानाचा द्रोण काढला आणि माझ्यासमोर ताटलीत ठेवला. करवंदे. टपोरी, काळी.

"ही कुठली?"

"बाजारातली."

"आपल्या कुंपणाला लगडली आहेत, आणि तू बाजारातून आणतेस?"

"बागेची मालमत्ता आहे. परवानगी लागते," ती म्हणाली आणि पंख्याखाली बसली. थोड्या वेळाने तिनेच सांगितले, "लाडकी विकत बसली होती स्टेशनरोडला. रानशेतच्या बाजूने डोंगरातून आणते म्हणे. एवढं चढते, या वयात. माझ्याकडून पैसे घेईना, मीच ठेवले."

मी ताटली जवळ ओढली.

"तुमची चौकशी केली तिने."

"काय?"

"भाऊचा गुडघा कसा आहे, म्हणाली."

मी एक करवंद उचलले. सवयीने मनात म्हटले, कोंबडी. फोडले. गडद लाल निघाले. कुंपण मध्ये नव्हते, पुरावा समोर होता, आणि सांगायला पलीकडे कोणी नव्हते.

आता यंदाची गोष्ट. काल ते काळे करवंद पाहिल्यावर मी घरात आलो, कागद घेतला आणि एक पत्र लिहायला बसलो. विषय: कैनाड येथील कुंपणासंबंधी अन्याय. तारखा लिहिल्या, जबाबदार व्यक्ती लिहिल्या. सून, टोपीचे गृहस्थ, पेंटर, पत्नी. मालतीने चहा ठेवला आणि माझ्या खांद्यावरून वाचले.

"पाचवं नाव राहिलं."

"कोणाचे?"

"ज्यांचा गोल शिक्का आहे."

मी पेन खाली ठेवले. मग म्हणालो, "उद्या फलक काढून टाकतो. आणि पाड्यावर जाऊन तिला सांगतो, की ये, पूर्वीसारखी तोडत जा."

मालतीने चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली. लग्न झाल्यापासून ती माझ्याकडून कायदा ऐकत आली आहे. आता तिलाही तो बऱ्यापैकी येतो.

"ये म्हणालात, म्हणजे बोलावलंत. बोलावलंत म्हणजे दिलीत ना परवानगी?"

न्यायालयात आयुष्य घालवून घरात हरलो, आणि हरण्यात प्रथमच सुख वाटले. तिचे बरोबर होते. जे माझे नव्हते ते मी देऊ शकत नाही, आणि पुन्हा देऊ केले तर पुन्हा तीच चूक. निमंत्रण चालणार नाही. द्रोणभर करवंदे तिच्या घरी पोहोचवणे तर मुळीच चालणार नाही. ती भेट होईल, आणि भेट देणाऱ्याची असते. उरते एकच गोष्ट, आणि तिला आमच्या भाषेत कबुली म्हणतात. कबुली गुपचूप देता येत नाही. ज्याने हक्क नाकारला तो चारचौघांत नाकारला, लाल रंगात, तीन भाषांत. म्हणून मान्यही चारचौघांतच केला पाहिजे.

वापर थांबला की वहिवाट मरते. कायद्यात त्याला बरीच मोठी मुदत आहे. पण लाडकी सरळ उभी राहू शकते, दोन्ही पाय रस्त्यावर ठेवून हात वर करू शकते, असे उन्हाळे काही कायद्याने ठरवलेले नाहीत. माझेही नाहीत. हा तिसरा उन्हाळा आहे. तिच्या नातवंडांपैकी कोणी या कुंपणाशी थांबलेले मी पाहिलेले नाही. ती मुले मोठी होतील तेव्हा त्यांना हे कुंपण म्हणजे फक्त कुंपण वाटेल.

आज सकाळी मी फलक उतरवला. तो काढताना मागे करवंदीची एक फांदी फळीला चिकटून वाढलेली दिसली. तिला ऊन न मिळाल्याने पाने पिवळी पडली होती, पण तिच्यावरही चार हिरवी करवंदे होती. फळी मी विहिरीवर झाकण म्हणून घातली आहे, अक्षरांची बाजू खाली. प्राजक्ताने विचारले, "पप्पा, या रविवारी पाहुण्यांना काय सांगायचं?" मी म्हटले, आत काय तोडायचे ते तू सांग. बाहेरचे मी सांगत नाही.

मग खुर्ची घेतली नाही. फाटकातून बाहेर गेलो. फार वर्षांत, कदाचित कधीच, मी आमच्या कुंपणाकडे रस्त्यावर उभे राहून नीट पाहिले नव्हते; गळलेली करवंदे झाडतानाही नजर खालीच असे. या बाजूने ते वेगळे दिसते. इकडे ऊन जास्त वेळ असते, म्हणून इकडची करवंदे आधी पिकतात आणि जास्त काळी होतात. लाडकीच्या बाजूला कोंबडेच का निघत, हे एखादे वेळी यामुळेही असेल. किंवा ती खोटे बोलत असेल. दोन्ही पाय रस्त्यावर ठेवले. कालचे ते काळे करवंद तिथेच होते. वाटसरू म्हणून, कोणालाही न विचारता, कोणापासून न लपवता, मी ते तोडले. फोडले नाही.

तेव्हा माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे.

प्रतिवादी क्रमांक पाच, म्हणजे कैनाड येथील बागेचा मालक, निवृत्त, गुडघ्याने अधू, पत्रे लिहिण्याची सवय असलेला, म्हणजेच खाली सही करणारा मी, याने येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी, लाडकीबाई टोपली घेऊन पाड्यावरून निघतात त्या वेळी, त्यांच्या नव्या वाटेवर जाऊन, पाड्यावरची माणसे ऐकतील अशा आवाजात उत्तर द्यावे, की जे त्याचे नव्हते, त्याच्या वडिलांचेही नव्हते, त्याची परवानगी देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला. उत्तर लेखी चालणार नाही. सबबी सांगू नयेत. पेंटरचे नाव घेऊ नये. "ये" हा शब्द उच्चारू नये. उत्तर देताना त्याच्या हातात ते करवंद असावे, न फोडलेले, आणि आत काय आहे ते त्याने सांगू नये. ते लाडकीबाईंनी सांगावे, आणि त्या जे सांगतील ते त्याने, न पाहता, मान्य करावे.